तारकांच्या प्रकाशाचे पारखी : प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे नाव कोल्हापुरात अपरिचित नाही. आपल्या मुलाला तेथे प्रवेश मिळावा म्हणून येथील किती तरी पालकांनी देव पाण्यात ठेवले असतील, नवस बोलले असतील, दर्ग्यावर चादर चढविली असेल! परंतु याच महाविद्यालयाच्या आवारात एके काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी दुर्बीण उभी होती, आणि तिच्यापाशी बसून एक पारशी प्राध्यापक रात्र रात्र तारकांच्या प्रकाशाचे पृथक्करण करीत असत, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. त्या प्राध्यापकांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. खगोलशास्त्राच्या इतिहासकारांनी त्यांचा गौरव केला आहे. पण आपल्या शालेय पुस्तकांत त्यांना जागा मिळालेली नाही. आमच्या संस्थेच्या स्मरणिकेत त्यांची ओळख करून द्यावी असे वाटण्याचे आणखी एक कारण आहे, ते ओघाने पुढे येईलच.

त्यांचे कार्य समजण्यासाठी प्रथम त्यांच्या साधनाची थोडी माहिती घेणे अवश्य आहे.

दुर्बिणीतून तारा कितीही मोठ्या भिंगाने पाहिला, तरी तो एक ठिपकाच दिसतो. तो कशाचा बनला आहे, किती तापलेला आहे, आपल्याकडे येत आहे की दूर जात आहे, यांपैकी काहीही तो ठिपका सांगत नाही. मात्र तोच प्रकाश एका बारीक फटीतून नेऊन काचेच्या लोलकातून सोडला, की त्याचा रंगीत पट्टा होतो. हा वर्णपट होय. १८१४ साली जर्मनीतील फ्राउनहोफर याने सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेषा मोजल्या. पुढे १८५९ मध्ये किर्खोफ आणि बुन्सेन या दोघांनी त्या रेषांचा अर्थ लावला. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठराविक जागी पडतात. जशी माणसाच्या अंगठ्याची खूण, तशी ही मूलद्रव्याची खूण. रेषा ओळखली की कोट्यवधी मैलांवरील पदार्थ ओळखला! प्रयोगशाळेत ज्याला हात लावता येत नाही, त्याची परीक्षा घेण्याची ही युक्ती मानवाने काढलेल्या मोठ्या युक्त्यांपैकी एक आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

आज या युक्तीचा एक महत्त्वाचा उपयोग अतिनवताऱ्यांची जात ठरविण्याकडे होतो. एखादा तारा आयुष्याच्या अखेरीस प्रचंड स्फोट होऊन फुटतो व काही आठवडे अब्जावधी ताऱ्यांइतका तेजाने झळकतो, त्यास अतिनवतारा म्हणतात. इ. स. १००६ मध्ये असा एक तारा सर्व जगाने पाहिला. इजिप्तमधील हकीम अली इब्न रिदवान यांनी तो तरुणपणी पाहिला होता व टॉलेमीच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना त्याचे वर्णन करून ठेवले. तो शुक्राच्या अडीच ते तीन पट मोठा दिसे आणि त्याचा प्रकाश चंद्राच्या चतुर्थांशाहून काहीसा अधिक होता, असे त्यांचे निरीक्षण आहे. आजचे शास्त्रज्ञ त्या वर्णनाचा आधार घेतात, इतके ते चोख आहे. परंतु बिचाऱ्या इब्न रिदवान यांच्यापाशी लोलक नव्हता. तारा किती तेजस्वी हे त्यांना सांगता आले; तो कोणत्या जातीचा, हे सांगण्याचे साधन पुढची साडेआठशे वर्षे कोणापाशीच नव्हते.

ते साधन युरोपात तयार झाले. आणि ते हाती घेऊन पश्चिम हिंदुस्थानात वेधशाळा उभारण्याचा ध्यास नायगमवाला यांनी घेतला.

कावसजींचा जन्म १८५७ चा, म्हणजे उठावाच्या धामधुमीच्या वर्षातला. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठही स्थापन झाले. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. १८७८ साली भौतिक व रसायन हे विषय घेऊन ते एम. ए. झाले आणि कुलपतींचे सुवर्णपदक त्यांनी मिळविले. त्या काळी अशा पदवीधरास वकिलीची किंवा सरकारी मोठ्या हुद्द्याची वाट मोकळी असे. त्यांनी मात्र शिक्षकी पेशा पत्करला व १८८२ मध्ये आपल्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकविण्यास आरंभ केला.

त्याच वर्षी भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी कॉलेजला भेट दिली. या भेटीतून वर्णपटाच्या अभ्यासासाठी पाच हजार रुपयांची देणगी मिळाली, आणि मुंबई सरकारने तेवढ्याच रकमेची भर घातली. त्या काळचे दहा हजार रुपये! आपल्याकडे राजेरजवाड्यांनी शिकारीवर, हत्तीघोड्यांवर आणि लग्नसमारंभांवर केलेल्या खर्चाच्या कहाण्या पुष्कळ आहेत. एका संस्थानिकाने ताऱ्यांच्या रेषा मोजण्यासाठी पैसे द्यावेत, ही विरळा गोष्ट. ते पैसे मिळविणाऱ्या पंचवीस वर्षांच्या अध्यापकाचेही कौतुक केले पाहिजे.

मूळ बेत कॉलेजात वर्णपटाची एक प्रयोगशाळा करावी एवढाच होता. उपकरणे आणण्यासाठी नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तेथे राजज्योतिषी क्रिस्टी आणि वर्णपटशास्त्राचे नामांकित पंडित नॉर्मन लॉकयर यांची त्यांनी भेट घेतली. हिंदुस्थानात आकाश वर्षातील कित्येक महिने निरभ्र असते. तेव्हा नुसती प्रयोगशाळा न करता ताऱ्यांच्या व सूर्याच्या वर्णपटासाठी वेधशाळाच उभारावी, असा सल्ला त्यांना मिळाला. नायगमवाला यांनी तो मानला. १८८५ मध्ये त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली, आणि मुंबईत व्हावयाची वेधशाळा अशा रीतीने पुण्यास आली. हेच कॉलेज १९११ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले.

१८८५ हे साल खगोलशास्त्रात दुसऱ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात देवयानी तारकासमूहातील अंधुक ढगात एक नवा तारा झळकला. हा ढग नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्याची नोंद इस्फहानचे थोर ज्योतिर्विद अब्दुर्रहमान अल्-सूफी यांनी आपल्या स्थिर ताऱ्यांवरील ग्रंथात इ. स. ९६४ मध्येच करून ठेवली होती. आज आपण जाणतो, की तो ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची दुसरी प्रचंड दीर्घिका आहे, आणि १८८५ चा तारा हा परक्या दीर्घिकेत मानवाने पाहिलेला पहिला अतिनवतारा होय. युरोपातील निरीक्षकांनी त्याचा वर्णपट डोळ्यांनी पाहण्याची खटपट केली, परंतु अंधुक पट्ट्यातून निश्चित असे फारसे काही हाती लागले नाही. त्या वेळी पुण्याची दुर्बीण अजून उभी राहावयाची होती.

महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा १८८८ च्या सुमारास कामाला लागली. दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील, परावर्ती प्रकारची, म्हणजे भिंगाऐवजी आरशाने प्रकाश गोळा करणारी. तिच्यासाठी मिळालेला वीस इंच व्यासाचा आरसा इंग्लंडमधील कॉमन यांच्या हातचा होता. काचेवर चांदीचा पातळ मुलामा दिलेला असे. चांदी काळी पडते, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळ्यात, म्हणून असा आरसा सांभाळणे हे लहान मुलास सांभाळण्यासारखेच जिकिरीचे काम. एवढी मोठी दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात दुसरी नव्हती, आणि पुढेही कित्येक दशके झाली नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख मुख्यतः लिहावासा वाटला, त्याकडे वळू.

हिवाळ्यात मृग नक्षत्र डोक्यावर आले, की त्याच्या पोटात तीन तारे एका ओळीत दिसतात. त्यांच्या खाली एक धूसर ठिपका आहे. तो मृगातील मोठा तेजोमेघ. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स या इंग्रज ज्योतिर्विदाने एका तेजोमेघाचा वर्णपट प्रथम पाहिला आणि तो चकित झाला. ताऱ्यासारखा अखंड रंगीत पट्टा तेथे नव्हता. फक्त दोन-तीन तेजस्वी रेषा होत्या. म्हणजे तेजोमेघ हा ताऱ्यांचा पुंजका नसून तापलेला विरळ वायू होता. त्यांतली सर्वांत ठळक हिरवी रेषा मात्र पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात पदार्थाशी जुळेना.

लॉकयर यांनी यावर आपली एक उपपत्ती मांडली. सर्व विश्व उल्कांच्या थव्यांपासून बनले आहे, त्या एकमेकींवर आपटून तापतात, आणि तेजोमेघ म्हणजे असाच उल्कांचा थवा होय, असे त्यांचे मत होते. उल्कांत मॅग्नेशियम असते. मॅग्नेशियम जाळले असता वर्णपटात जवळजवळ त्याच जागी एक हिरवी पट्टी दिसते. म्हणून ती गूढ रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या त्या पट्टीचा उरलेला अंश, असे त्यांनी ठामपणे प्रतिपादन केले. हगिन्स यांना हे मान्य नव्हते. अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या कीलर यांनी रेषेची जागा अतिशय बारकाईने मोजली, ती मॅग्नेशियमच्या जागेपासून किंचित सरकलेली निघाली. वाद चांगलाच पेटला. लॉकयर हे काही साधे गृहस्थ नव्हते. नेचर या जगप्रसिद्ध साप्ताहिकाचे ते संस्थापक आणि संपादक. त्यांच्याशी मतभेद करणे म्हणजे मोठ्या दारावर डोके आपटण्यासारखे होते.

या वादाचा निकाल लावण्याचा दुसराही मार्ग होता. मॅग्नेशियमची पट्टी एका बाजूस धारदार असते व दुसऱ्या बाजूस हळूहळू पुसट होत जाते; ओल्या कपड्यावर शाईचा थेंब एकीकडेच पसरावा, तशी. खरी एकेरी रेषा मात्र दोन्ही बाजूंनी सारखीच रेखीव असते. तेव्हा प्रश्न असा, की तेजोमेघाची हिरवी रेषा एकीकडे पुसट होते काय?

पुण्याच्या प्राध्यापकांनी आपली दुर्बीण मृगाकडे वळविली. वर्णपट कमी ताणला, अधिक ताणला, आणि वेगवेगळ्या रीतींनी रेषेची तपासणी केली. प्रत्येक वेळी रेषा दोन्ही बाजूंनी स्वच्छ व रेखीव दिसली. हा निष्कर्ष त्यांनी १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. ज्या लॉकयर यांच्या सल्ल्याने पुण्याची वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच आवडत्या उपपत्तीच्या विरुद्ध हा निष्कर्ष जात होता. नायगमवाला हे परतंत्र देशातील एका सरकारी कॉलेजचे नोकर. वेधशाळेचे भवितव्य विलायतेतील अशाच मोठ्या माणसांच्या शब्दावर अवलंबून. गप्प बसणे सोपे होते. रेषा संदिग्ध दिसली असे गुळमुळीत लिहून मोकळे होणे त्याहूनही सोपे. त्यांनी यांपैकी काही केले नाही. माझ्या मते त्यांच्या साऱ्या आयुष्यातील मोठी गोष्ट हीच. वीस इंचाचा आरसा पैशाने मिळतो, हे मिळत नाही.

लॉकयर यांच्याशी त्यांचा व्यवसायसंबंध यापुढेही राहिला असावा असे मानण्यास जागा आहे, कारण १८९८ च्या ग्रहणास दोघेही महाराष्ट्रात निरीक्षण करीत होते. हे खग्रास सूर्यग्रहण २२ जानेवारी १८९८ रोजी झाले. छायेचा पट्टा कोकणच्या किनाऱ्यावरून देशावर व पुढे ईशान्येकडे जात होता. लॉकयर यांनी आपला तळ विजयदुर्ग किल्ल्यावर टाकला. तेथे आजही साहेबाचा कट्टा दाखवितात आणि १८६८ च्या ग्रहणात लॉकयर यांनी हेलियमचा शोध येथेच लावला, असे पर्यटकांस सांगतात. इतिहासाशी हे जुळत नाही. १८६८ मध्ये लॉकयर इंग्लंडमध्येच होते आणि त्यांनी सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा तेथूनच पाहिली. १८६८ च्या ग्रहणात आपल्या भागापुरते खरे महत्त्व जमखंडीला आहे. त्या पटवर्धनांच्या गावी लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी १८ ऑगस्टला सूर्याभोवतीच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गचा मान १८९८ चा, आणि तोही काही कमी नाही.

नायगमवाला यांनी आपले ठाणे सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केले. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांची मोहीमही जेऊरलाच उतरली होती. दिवस कसे होते ते आठवावे. पुण्यात प्लेगने हाहाकार उडविला होता, रँडचा खून होऊन सहा-सात महिनेच लोटले होते. अशा काळात पेट्या भरभरून उपकरणे माळरानावर नेणे, ती बसविणे, आणि अवघ्या दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीसाठी आठवडेच्या आठवडे तालीम करणे! ढगाचा एक तुकडा आडवा आला तर सारे व्यर्थ. सुदैवाने आकाश निरभ्र राहिले. सूर्याचा प्रभामंडल आणि बिंब झाकले जाताना क्षणभर लखलखणाऱ्या वर्णावरणाच्या रेषा, यांची छायाचित्रे मिळाली. त्यांचा सविस्तर अहवाल नायगमवाला यांनी १९०२ मध्ये वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड म्हणून काढला.

पहिला खंड म्हटले, की पुढच्या खंडांची अपेक्षा राहते. येथून पुढची कथा मात्र ओसरत्या पाण्याची आहे.

नायगमवाला पुढे वेधशाळेचे संचालक म्हणून राहिले. परंतु सरकारची मर्जी आता दक्षिणेकडे वळली होती. कोडाईकॅनाल येथे १८९९ मध्ये सूर्याच्या अभ्यासासाठी सरकारी वेधशाळा निघाली होती, आणि एका देशात अशा दोन संस्था कशाला, असा हिशेब झाला. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही निवृत्त करण्यात आली. दुर्बीण व इतर उपकरणे पेट्यांत भरून कोडाईकॅनालला रवाना झाली. तेथे ती अनेक वर्षांनी पुन्हा उभी राहिली आणि दात्याच्या स्मरणार्थ भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली गेली. ज्याने ती मागून आणली, उभी केली आणि तिच्यातून पाहिले, त्याचे नाव मात्र तिला लागले नाही.

दोष केवळ सरकारचा होता काय? मला तसे वाटत नाही. चोवीस वर्षे चाललेल्या या संस्थेचे काम एकाच माणसाच्या खांद्यावर राहिले. तिच्यातून ज्याच्याकडे किल्ल्या सोपवाव्यात असा विद्यार्थी, साहाय्यक, उत्तराधिकारी उभा राहिला नाही. मुंबई इलाख्यात एवढ्या सभा, एवढी वर्तमानपत्रे होती. पण वेधशाळा बंद होऊ नये म्हणून मोठी चळवळ झाल्याचे आढळत नाही. लोकांना ती आपली वाटलीच नव्हती. आमच्या कोल्हापुरात १९०६ साली छत्रपती शाहू महाराजांच्या पुढाकाराने मुस्लिम बोर्डिंग निघाले. आरंभ येथेही एका राजाच्या औदार्यानेच झाला. महाराज १९२२ मध्ये गेले, पण बोर्डिंग गेले नाही; कारण तोपर्यंत त्याचा कारभार पाहणारी, वर्गणी गोळा करणारी, तेथेच राहून शिकलेली माणसे तयार झाली होती. या स्मरणिकेत नायगमवाला यांची आठवण काढण्याचे जे दुसरे कारण वर म्हटले, ते हेच.

निवृत्तीनंतर ते बरीच वर्षे जगले. १९२७ मध्ये अमेरिकेतील आयरा बोवेन यांनी तेजोमेघाच्या हिरव्या रेषेचे कोडे सोडविले. ती मॅग्नेशियमची नव्हतीच. तशीच ती नेब्युलियम नावाच्या, लोकांनी कल्पिलेल्या नव्या मूलद्रव्याचीही नव्हती. ती ऑक्सिजनची निघाली. ज्याचा प्रत्येक श्वासात आपण उपयोग करतो तोच हा वायू. मात्र त्याच्या अणूतून दोन इलेक्ट्रॉन निघून गेलेले, आणि वायू इतका विरळ की तसा पृथ्वीवरील प्रयोगशाळेत करता येत नाही. म्हणून ती रेषा येथे कोणाला दिसली नव्हती. तेव्हा नायगमवाला सत्तर वर्षांचे होते. छत्तीस वर्षांपूर्वी पुण्यात जे पाहिले ते बरोबर होते, असा हा निर्वाळा. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९४१ मध्ये, माउंट विल्सन वेधशाळेत रुडॉल्फ मिंकोव्स्की यांनी चौदा अतिनवताऱ्यांचे वर्णपट शेजारी ठेवून त्यांच्या दोन जाती पाडल्या. ज्यांत हायड्रोजनच्या रेषा नाहीत, असे नऊ तारे पहिल्या जातीत. ज्यांत त्या आहेत, असे पाच दुसऱ्या जातीत. पुढे पहिल्या जातीचेही पोटभेद झाले. सिलिकॉनची खूण असेल तर एक, सिलिकॉन नसून हेलियम असेल तर दुसरा, दोन्ही ठळक नसतील तर तिसरा. सिलिकॉनवाल्या ताऱ्यांचे मूळ तेज जवळपास सारखे बसविता येते, म्हणून त्यांच्यावरून दूरच्या दीर्घिकांची अंतरे काढतात. १००६ साली इब्न रिदवान यांनी पाहिलेला तारा याच पोटभेदातला असावा, असे त्याच्या अवशेषांवरून आज मानतात. ही सगळी वर्गवारी अखेर एका प्रश्नावर उभी आहे : अमुक जागी रेषा आहे की नाही, आणि असल्यास ती कशी दिसते?

हे काम आता आपल्या देशात नियमाने चालते. लडाखमधील हानले येथे २००१ पासून दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिच्यावर अतिनवताऱ्यांचे अनेक वर्णपट घेतले गेले आहेत. पुण्यातील आयुका या संस्थेने २००६ मध्ये जुन्नरच्या बाजूस गिरवली येथे तेवढ्याच व्यासाची दुर्बीण उभी केली. वर्णपट घेण्याचे उपकरण तिला जोडलेले आहे. पुणे जिल्ह्यात तारकांचा प्रकाश पुन्हा फटीतून आत जाऊ लागला, तो नायगमवाला यांची वेधशाळा बंद झाल्यानंतर चौऱ्याण्णव वर्षांनी.